पदवीनंतर संज्ञापनाची वाट : काही अनुभव, काही सूचना

तृतीय वर्षाचा निकाल हाती पडला की घरीदारी, एस.टी.च्या थांब्यावर आणि चहाच्या टपरीवर एकच प्रश्न कानांवर येतो : "आता पुढे काय?" बी.एड., स्पर्धा परीक्षा आणि एम.ए. ही तीन उत्तरे आपल्याकडे ठरलेली आहेत. मी 'वृत्तपत्रविद्या' असे चौथे उत्तर दिले, तेव्हा आमच्या आळीतल्या एका काकांनी विचारले, "म्हणजे घरोघर पेपर टाकायचे का गं?" सगळे हसले. मीही हसले, पण खरे सांगायचे तर नीट उत्तर मलाही ठाऊक नव्हते. शिरूर-दौंडकडच्या ज्या मित्रमैत्रिणींना ही वाट खुणावते आहे, त्यांच्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. एकाच्या मनातील आशय दुसऱ्यापर्यंत पोहोचवणे म्हणजे संज्ञापन. गावातील दवंडी, कीर्तन, ग्रामपंचायतीचा फळा ही सारी त्याचीच रूपे. वृत्तपत्रविद्या ही त्याची एक शाखा. बातमी मिळवणे, पडताळणे, लिहिणे आणि संपादणे एवढे तिचे क्षेत्र. आकाशवाणी, दूरचित्रवाणी, जाहिरात, जनसंपर्क आणि आताची मोबाइलवरील माध्यमे ह्या इतर शाखा. ह्यांपैकी आपल्याला काय हवे हे आधी ठरवले नाही, तर फसगत होते.

माझी ती होता होता राहिली. एका खाजगी संस्थेचे गुळगुळीत माहितीपत्रक पाहून मी हरखून गेले होते. शुल्काचा आकडा ऐकून अप्पा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी आईकडून कळले की, रस्त्याकडेच्या वीस गुंठ्यांना त्यांनी गिऱ्हाईक पाहिले आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या संस्थेत गेले आणि तीन प्रश्न विचारले. मागच्या वर्षीचे विद्यार्थी आज कोठे काम करतात? पूर्णवेळ शिकवणारे किती? आठवड्यातून किती तास कॅमेरा विद्यार्थ्याच्या हाती असतो? एकाचेही सरळ उत्तर मिळाले नाही. जमीन वाचली. हे तीन प्रश्न, मित्रहो, कोठेही प्रवेश घेण्यापूर्वी विचारा. संस्था सरकारी असो वा खाजगी.

पुण्यात विद्यापीठाच्याच दोन वाटा आहेत आणि त्यांची नावे सारखी असल्यामुळे गोंधळ होतो. फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग आहे. तो १९६४ साली सुरू झाला. त्याचा ओढा पत्रकारितेकडे. दुसरा माध्यम व संज्ञापन अभ्यास विभाग गणेशखिंडीतील मुख्य आवारात आहे. तो एम.एस्सी. पदवी देतो आणि त्याचा भर दृक्‌श्राव्य निर्मिती व माध्यम-संशोधनावर आहे. 'एम.एस्सी.' ह्या अक्षरांनी कला शाखेच्या विद्यार्थ्याने दचकू नये. ज्याला सिनेमाच करायचा आहे, त्याने विधी महाविद्यालय रस्त्यावरील, १९६० साली प्रभातच्या जागेत सुरू झालेल्या चित्रपट संस्थेची माहिती काढावी. ती वाट निराळी आणि प्रवेशही अवघड. दोन्ही विद्यापीठ विभागांत प्रवेश परीक्षेतून होतो. अर्जाच्या तारखा निकालाआधीच निघून जातात, हे लक्षात ठेवा.

मी रानडे निवडले. शुल्क झेपण्याजोगे होते आणि उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येत होत्या. जागेचेही एक महत्त्व आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये हा विभाग मुख्य आवारात हलवून दुसऱ्या विभागात विलीन करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा आजी-माजी विद्यार्थ्यांनी व पत्रकारांनी विरोध केला आणि त्याला स्थगिती मिळाली. बाहेरच्याला हे इमारतीवरचे प्रेम वाटेल. परंतु सभा, मोर्चे, नाट्यगृहे आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्या जेथून पायी गाठता येतात, तेथे बातमीदारी शिकणे सोपे जाते, हे मी अनुभवाने सांगते.

आपल्या शिरूरला रेल्वे नाही. म्हणून पहिले सत्र मी दौंडला आत्याकडे राहिले. पहाटेची गाडी, पाटस, केडगाव, यवत, उरुळी करीत पुणे. डब्यात दूधवाले, कामगार, परिचारिका, विद्यार्थी. त्या डब्यात मी जितके ऐकले, तितके वर्गात ऐकले नसेल! पुढे तिघींनी मिळून पुण्यात खोली घेतली. सकाळी तास, दुपारी ग्रंथालयात चार-पाच दैनिके समोर ठेवून एकच बातमी पडताळणे, संध्याकाळी प्रायोगिक अंकाची मुद्रिते.

इंग्रजीची धास्ती मलाही होती. संदर्भग्रंथ बहुतेक इंग्रजीच. पण ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेले 'दर्पण' मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही स्तंभांत निघत असे, हे शिकले तेव्हा धीर आला. दोन भाषांत ये-जा करणे ही आपल्या पत्रकारितेची जन्मापासूनची रीत आहे.

एक प्रसंग मात्र विसरणार नाही. आमच्या शिवारात बिबट्याने एका शेतकऱ्याला जखमी केले. मी थरारक बातमी लिहून सरांकडे दिली. त्यांनी समासात एवढेच लिहिले : "हा माणूस रात्री शेतात का गेला?" मी गावी जाऊन विचारले. कृषिपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीच्या पाळीला होती. उसाला पाणी द्यायचे तर अंधारातच जावे लागे. उसाच्या कडेला वाढलेली मी, आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता! बातमी पुन्हा लिहिली. तिच्यात बिबट्या दुसऱ्या परिच्छेदात गेला.

आता कटू बाजू. पहिला पगार खोलीभाडे आणि खानावळ ह्यांतच संपतो. वेळीअवेळी काम करावे लागते. मुलींच्या घरी त्याची आधीच कल्पना दिलेली बरी. नोकरीची हमी कोणीही देऊ शकत नाही; जो देतो त्याच्यापासून सावध राहा. केवळ पडद्यावर दिसण्याची हौस असेल, तर ह्या वाटेला जाऊ नका.

आणि जायचेच ठरले, तर तयारी आजच सुरू करा. रोज दोन दैनिके वाचा, महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकात लिहा, ग्रामसभेला जाऊन टिपणे काढा. आपल्या तालुक्यांचे प्रश्न शहरातून आलेला माणूसही लिहील. पण रात्रीच्या विजेची पाळी त्याला ठाऊक असेलच असे नाही.

काका अजून भेटतात. ती बातमी छापून आली, तेव्हा त्यांनी ती ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवली. पेपर टाकण्याविषयी मात्र पुन्हा काही विचारले नाही.