लाखेच्या दोन कांड्या

कंगव्याने कपटे उचलले की मुले हमखास म्हणतात, "चुंबक झाला!" चुंबकाला कागद चिकटत नाही, हे लगेच दाखवावे. पुढच्या प्रयोगाला कुरखेडा भागात पळसा-कुसुमावरची लाख आहेच.

ती वितळवून दोन कांड्या करू. एक लोकरीने घासून दोऱ्याने आडवी टांगू. दुसरी तशीच घासून जवळ नेली, की पहिली दूर सरते. रेशमाने घासलेली परीक्षानळी मात्र तिला ओढते. अशाच निरीक्षणांवरून फ्रान्सच्या द्यु फे यांनी १७३३ मध्ये काचेची आणि राळेची अशा दोन विजा मानल्या. राळेच्या यादीत लाखही होती. धन-ऋण ही भाषा फ्रँकलिन यांची, नंतरची.

'घर्षणाने वीज निर्माण होते' असे आपण सहज म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. लोकरीतले काही इलेक्ट्रॉन लाखेवर जातात, एवढेच. लाख ऋणप्रभारित होते, लोकर तेवढीच धनप्रभारित. शिवाय आकर्षण दिसले म्हणजे दोन्ही वस्तूंवर प्रभार आहे, असे नव्हे. कपट्यांवर कुठे होता? प्रतिकर्षण दिसले तर मात्र दोन्ही प्रभारित, आणि सजातीय. परीक्षेत हा प्रश्न क्वचितच नीट विचारला जातो.

प्रयोग जानेवारीत करावा. पावसाळ्यात कांडीवर ओलाव्याचा पातळ थर बसतो, प्रभार निसटून जातो, आणि मुलांना पुस्तकच खोटे वाटते.