जमिनीला वीज लागत नाही?

पोकेमॉन या जपानी व्हिडिओ गेमच्या मालिकेत, जिचे पहिले खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये विक्रीस आले, ‘थंडरबोल्ट’ हा विजेचा सर्वांत परिचित डाव होय. आणि या डावाच्या आधाराने खऱ्या विजेविषयी जो एक गैरसमज पुन्हा पुन्हा मांडला जातो, तो निव्वळ खेळापुरता राहिला असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. खेळातील प्रत्येक प्राण्याला पाणी, अग्नी, वीज, जमीन असे एक किंवा दोन ‘प्रकार’ दिलेले असतात आणि डावाचा परिणाम या प्रकारांच्या जोडीवर ठरतो. विजेचा डाव पाण्याच्या आणि उडणाऱ्या प्राण्यांना दुप्पट लागतो, परंतु जमीन-प्रकाराच्या प्राण्यांना, उदाहरणार्थ बिळातून डोके वर काढणाऱ्या डिगलेटला, तो मुळीच लागत नाही. यावरून काढला जाणारा निष्कर्ष असा की माती वीज वाहून नेत नाही, ती वीज अडवते, आणि म्हणून मोकळ्या रानात मातीला अंग टेकून पडलेला माणूस सुरक्षित असतो.

या निष्कर्षाचा पहिला भाग चुकीचा आहे आणि दुसरा जीवघेणा. माती वीज अडवत असती, तर घरोघरीच्या अर्थिंगला काही अर्थच उरला नसता. अंगणात खड्डा खणून, त्यात मीठ आणि कोळसा भरून, धातूची नळी किंवा पट्टी पुरतात ती एवढ्याचसाठी की उपकरणात गळणारा प्रवाह मातीत सहज उतरावा. मीठ आणि ओल हवी असते ती माती अधिक चांगली वाहक व्हावी म्हणून. खेळातल्या नियमाचा काही अर्थ लावायचाच असेल तर तो अर्थिंगचा लावता येतो: जमिनीचा प्राणी वीज रोखत नाही, तर ती आपल्यातून जाऊ देऊन जमिनीत पसरवतो. म्हणजे ज्या नियमाचा दाखला माती वाहक नसल्याबद्दल दिला जातो, तो नियम नेमकी उलट साक्ष देतो.

मात्र वीज जमिनीत ‘जिरते’ म्हणजे ती तत्क्षणी नाहीशी होते, असे नव्हे. ती पडलेल्या जागेपासून चहूकडे पसरते आणि अंतरागणिक तिचा दाब, म्हणजे व्होल्टेज, उतरत जातो. माणसाचा एक पाय त्या जागेच्या जवळ आणि दुसरा किंचित दूर असेल, तर दोन पायांच्या दाबांत फरक पडतो आणि त्या प्रमाणात प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. ३०,००० अँपिअरची वीज, जी विजेच्या मानाने मध्यमच म्हणावी लागेल, ओलसर आणि सर्वत्र एकसारख्या मातीत पडली असे धरून साधे गणित केले, तर दहा मीटरवर उभ्या असलेल्या आणि पायांत एक मीटर अंतर असलेल्या माणसाच्या दोन पायांत सुमारे ४,००० व्होल्टचा फरक येतो. तेच पाय जुळवलेले असतील तर तो ७०० च्या आसपास राहतो. आडव्या पडलेल्या माणसाच्या डोके आणि टाचा यांतील अंतर याहून कितीतरी अधिक असते, आणि मधल्या वाटेवर हृदय असते. मुरमाड किंवा खडकाळ जमिनीत, जी कमी वाहक असते, हा फरक आणखी वाढतो.

शंका घेणाऱ्यांसाठी दोन पुरावे पुरेसे आहेत. वीजबळींचा दीर्घकाळ अभ्यास केलेल्या अमेरिकन डॉक्टर मेरी अ‍ॅन कूपर यांच्या अंदाजानुसार थेट अंगावर वीज पडून दगावणारे ३ ते ५ टक्केच असतात, तर जमिनीतून पसरलेल्या प्रवाहाचे बळी जवळपास निम्मे असतात. ऑगस्ट २०१६ मध्ये नॉर्वेतील हार्डांगरविडा पठारावर ३२३ रेनडियर वादळात एका ठिकाणी मरून पडलेले आढळले. ते सगळे जमिनीवरच उभे होते, आणि पुढच्या व मागच्या पायांतील लांब अंतर त्यांना नडले. याउलट विजेच्या एकाच तारेवर बसलेली चिमणी सुखरूप असते, कारण तिच्या दोन्ही पायांखालचा दाब सारखाच असतो. खेळात मात्र उडणाऱ्याला दुप्पट मार आणि जमिनीवरच्याला अभय! खेळाने तसे करावे. त्याच्यावरून शेतात वागू नये, इतकेच.

मध्य प्रदेशातील उज्जैनच्या परिसरात हा प्रश्न पुस्तकी नाही. माळव्याच्या पठारावर सोयाबीनची पेरणी आणि विजांचा पाऊस एकाच हंगामात येतात, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या आकडेवारीत वीज पडून देशभरात झालेल्या २,८८० मृत्यूंपैकी सर्वाधिक मध्य प्रदेशातील होते.

किरकोळ गैरसमजांचा निकाल थोडक्यात लावता येतो. पोकेमॉनच्या कार्टूनमध्ये पाण्याच्या फवाऱ्याने भिजलेल्या ऑनिक्स या जमीन-प्रकाराच्या प्राण्याला पिकाचू या वीज-प्रकाराच्या प्राण्याची वीज लागते, म्हणून खेळातही ओला प्राणी असुरक्षित असतो, असे मानणे चूक आहे. ‘सोक’ नावाचा डाव प्राण्याचा प्रकारच बदलून पाणी करतो, ती बाब निराळी. ‘थंडरबोल्ट’ ही आकाशातून पडणारी वीज आहे, हेही खरे नाही, कारण डावाच्या जपानी नावाचा शब्दशः अर्थ ‘एक लाख व्होल्ट’ एवढाच होतो, आणि आकाशातल्या विजेचे नाव ‘थंडर’ या दुसऱ्या डावाला आहे. एक लाख व्होल्ट म्हणजे मरण ठरलेलेच, हेही नाही. शरीरातून किती प्रवाह, किती वेळ आणि कोणत्या वाटेने जातो, यावर इजा ठरते. मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, पायाळू माणसावर वीज पडते ही समजूत निराधार आहे; जन्मताना पाय आधी आले की डोके, हे विजेला कळत नाही. अंगणात टाकलेला विळा वीज परतवत नाही आणि रबरी चप्पल ती अडवत नाही. वीज लागलेल्याच्या अंगात ती साठून राहत नाही, त्यामुळे त्याला हात लावून छातीदाब देण्यास विलंब करणे म्हणजे वाचू शकणारा जीव घालवणे होय.

उज्जैनचा पुढील सिंहस्थ कुंभमेळा २०२८ मध्ये, ऐन उन्हाळी वादळांच्या दिवसांत, क्षिप्रेकाठच्या मोकळ्या मैदानांत भरणार आहे, आणि ५ मे २०१६ रोजी तिथेच वादळी पावसात मंडप कोसळून माणसे दगावली होती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप जवळपासच्या विजेची पूर्वसूचना देते. ते मोबाइलमध्ये ठेवावे. गडगडाट कानी येताच पक्के घर किंवा बंद मोटार गाठावी, ते शक्यच नसेल तर झाडापासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसावे, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, आणि डिगलेटसारखे जमिनीला बिलगायला तर मुळीच जाऊ नये.