ग्रीक नाट्यातील वृंद आणि भंडाऱ्याची खडी गंमत

प्राचीन ग्रीक नाट्याशी आपला परिचय बहुधा ग्रंथद्वारे होतो. त्यामुळे ते मुळात वाचण्यासाठी नव्हे, तर उत्सवातील प्रयोगासाठी रचले गेले, याचा सहज विसर पडतो. इ. स. पूर्व ५ व्या शतकात अथेन्समध्ये वसंतारंभी डायोनायससच्या उत्सवात, अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, उघड्या आकाशाखाली हे प्रयोग होत. सर्व नट पुरुष असत आणि ते मुखवटे धारण करीत.

या प्रयोगाचे मर्म वृंदात होते. शोकनाट्यात वृंदातील व्यक्तींची संख्या प्रथम १२ होती; परंपरेनुसार सोफोक्लीजने ती १५ केली. सुखात्मिकेच्या वृंदात २४ जण असत. वृंद गाई व नाचेही. त्याच्या पदांतील समवृत्त जोडकडव्यांना 'स्ट्रोफी' व 'अँटिस्ट्रोफी', म्हणजे वळण व प्रतिवळण, अशी नावे आहेत. ही नावे नृत्याचीच खूण होत. सुखात्मिकेत तर कथानक थांबवून वृंद प्रेक्षकांना थेट उद्देशून नगरीच्या कारभारावर टीका करी.

या व्यवहाराची कल्पना केवळ वाचनाने येणे कठीण. भंडारा जिल्ह्यात मात्र तिला साहाय्यभूत असे जिवंत उदाहरण आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि दंडार व खडी गंमत यांचे प्रयोग होतात. खडी गंमतीत शाहीर उभ्याने गातो, झीलकरी पालुपद उचलून धरतात, स्त्रीवेषातील नाच्या नाचतो आणि विनोदी बतावणी प्रेक्षकांना आपल्यात ओढून घेते. या साम्यावरून दोन परंपरांचे नाते मात्र अनुमानू नये. उत्सव, उघडे पटांगण व समूहगान या समान परिस्थितीतून समान उपाय निर्माण होतात, एवढेच म्हणता येईल.

याहून महत्त्वाचा आहे तो भेद. अथेन्सची संहिता काही अंशी उरली, प्रयोग लोपला. सोफोक्लीजच्या शंभरांहून अधिक नाटकांपैकी ७ च पूर्ण उपलब्ध आहेत. युरिपिडीजच्या 'ओरेस्टेस'मधील काही ओळींचे स्वरांकन पपायरसाच्या एका तुकड्यावर सापडले; परंतु एकाही शोकनाट्याचे संपूर्ण संगीत आज उपलब्ध नाही. खडी गंमतीची स्थिती उलट आहे: प्रयोग जिवंत आहे आणि पदे बव्हंशी मुखोद्गत आहेत. म्हणून संशोधकाने केवळ शब्द टिपून थांबू नये. चाल, ठेका, पदन्यास, हजरजबाबी बदल आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद यांचीही नोंद व्हावयास हवी. अन्यथा अथेन्सच्या बाबतीत जी हानी काळाने केली, तीच येथे आपण स्वतःच्या हाताने करू.