तीन अक्षरांचा संसार

हिब्रू भाषेचे पुस्तक मी हाती घेतले ते केवळ कुतूहलापोटी. पण तिच्या धातूंनी मला जे वेड लावले ते आजतागायत सुटलेले नाही! आपल्या 'कृ'वरून कर्ता, कार्य असे शब्द होतात तेव्हा भर पडते ती मुख्यतः शेवटी. हिब्रूत व्यंजने, बहुधा तीन, जागच्या जागी उभी राहतात आणि स्वर त्यांच्या मधून फिरतात. लेखनाची क-त-व ही तीन घ्या. 'कातव' म्हणजे त्याने लिहिले, 'मिख्ताव' म्हणजे पत्र आणि 'क्तोवेत' म्हणजे पत्ता. (क चा ख, ब चा व ही उच्चाराची लकब, अक्षर तेच.) आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींच्या लग्नात वाचतात तो करारनामा, 'केतुबा', तोही याच घराण्यातला.

खरी मौज म्हणजे साच्यालाही अर्थ असतो. 'मस्रेक' म्हणजे फणी, विंचरण्याचे साधन. त्याच साच्यात विचार करण्याचा ख-श-व हा धातू ओतला की झाला 'मख्शेव', म्हणजे संगणक!

एलिएझर बेन येहुदा १८८१ साली जेरुसलेमला आले, तेव्हा ही भाषा शतकानुशतके प्रार्थनेत नि ग्रंथांत राहिलेली. १८८२ मध्ये मुलगा झाला. त्याच्या कानी हिब्रूखेरीज शब्द पडू द्यायचा नाही, हा बापाचा हट्ट. घरातल्या साध्यासुध्या वस्तूंना नावे नाहीत, ती घडवायची. मला कौतुक वाटते ते आईचे. तिला स्वतःलाच हिब्रू जेमतेम येत होते! मूल चार वर्षांचे होईतो बोललेच नाही, असे सांगतात. बोलले ते मात्र हिब्रूतच.