कार्ड आहे, मग पॉलिसी कशाला?

निवृत्तीनंतरचा हिशेब : भाग 6

मागच्या भागात कम्युटेशनचा, म्हणजे पेन्शनच्या काही भागाऐवजी एकदम मिळणाऱ्या रकमेचा, हिशेब झाला. त्या रकमेवर पहिला डोळा असतो विमा एजंटाचा. माजी सैनिकांच्या मेळाव्यात मंडपाबाहेर टेबल मांडून बसलेला हा माणूस अनेकदा स्वतःच निवृत्त सुभेदार असतो. त्यामुळे ‘कार्डावर विसंबू नका’ हे त्याचं म्हणणं चटकन पटतं. त्याची निम्मी गोष्ट खरी आहे. पण नेमकी कोणती निम्मी, ते तो सांगत नाही.

कार्ड म्हणजे ईसीएचएस, माजी सैनिकांची आरोग्य योजना. ही योजना 1 एप्रिल 2003 रोजी सुरू झाली. त्याआधी पेन्शनर जवानाला मोठ्या आजारासाठी मुख्यतः लष्करी रुग्णालयाचाच आधार होता, तोही तिथे जागा असेल तर. आता निवृत्त होताना एकदाच वर्गणी भरायची. 2017 च्या अखेरीस ठरलेल्या दरांनुसार हवालदारापर्यंत 30 हजार, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर 67 हजार आणि अधिकाऱ्यांना 1 लाख 20 हजार रुपये. 1 जानेवारी 1996 पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धात पती गमावलेल्या वीरपत्नींना तीही माफ. वयाची अट नाही, जुन्या आजाराची आडकाठी नाही, खर्चाला वरची मर्यादा नाही. साठी ओलांडलेल्या जोडप्याने बाजारातली बरी पॉलिसी घ्यायची म्हटलं, तर हवालदाराच्या या आयुष्यभराच्या वर्गणीइतका हप्ता एका वर्षातच जाऊ शकतो. म्हणून जवळ पॉलिक्लिनिक आणि पॅनेलवरचं चांगलं रुग्णालय असलेल्या, पुण्यात किंवा कोल्हापुरात राहणाऱ्या पेन्शनर नवरा-बायकोने आणखी एक भली मोठी पॉलिसी घेणं मला तरी उधळपट्टी वाटते.

अडचण सुरू होते ती अंतरापाशी. एरवीचा रस्ता ठरलेला आहे : आधी पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल, मग पॅनेलवरचं रुग्णालय आणि तिथे कॅशलेस उपचार. पण पाटण खोऱ्यातल्या एखाद्या गावात रात्री दोन वाजता छातीत कळ आली, तर घरचे पॅनेलची यादी बघत बसणार नाहीत. जे रुग्णालय उघडं असेल तिथे नेतील. योजनेला हे मंजूर आहे. तातडीच्या वेळी पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात दाखल होता येतं, मात्र 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावं लागतं. बिल आधी आपण भरायचं, नंतर कागदपत्रं जोडून परत मागायचं. मिळतात ते सरकारने ठरवलेल्या दराने. समजा बिल झालं 4 लाख आणि मंजूर दराने बसले अडीच. वरचे दीड लाख खिशातून गेले. शिवाय परतावा येईपर्यंत चारही लाख घरातून किंवा पतपेढीतून उभे केलेले असतात. थकलेल्या बिलांमुळे खासगी रुग्णालयं कार्डावर कॅशलेस घेणं थांबवतात, अशा बातम्याही अधूनमधून येतातच.

गाव असं आडवळणाला असेल तर मध्यम रकमेची पॉलिसी घ्यावी, आणि जवळचं रुग्णालय त्या कंपनीच्या कॅशलेस यादीत आहे की नाही, ते सही करण्याआधी तपासावं. सुपर टॉप-अप स्वस्त पडतं, पण त्यात ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आपला असतो. तो खर्च ईसीएचएसने केला तर धरणार का, हे कंपनीकडून लेखी घ्या. एजंटाच्या तोंडी ‘हो’ला अर्थ नाही. एकाच बिलाचे पैसे दोन्हीकडून पूर्ण मिळतील, या आशेवरही राहू नये. आणि पॉलिसी घ्यायचीच असेल तर पंचेचाळिशीत घ्या. वयाची 65 ची अट 2024 मध्ये गेली असली, तरी आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी मात्र 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला आहे.

एजंट सांगत नाही ती दुसरी बाजू घरातल्या माणसांची. मुलगा 25 वर्षांचा झाला, कमावू लागला किंवा त्याचं लग्न झालं, यातलं जे आधी घडेल तेव्हा तो कार्डावरून उतरतो. मुलगी लग्नानंतर किंवा नोकरी लागल्यावर. अपंग अपत्याला हे लागू नाही, त्याला कार्ड पुढेही चालतं. सून आणि नातवंडं कार्डावर येतच नाहीत. आईवडिलांचं उत्पन्न महिन्याला 9 हजार अधिक महागाई भत्ता या मर्यादेच्या आत असावं लागतं. वडिलांना स्वतःची पेन्शन असेल तर हे आधी बघा. जवान चाळिशीच्या आसपास घरी येतो, तेव्हा मुलं शाळेत असतात. पंधरा वर्षांत त्या घरातले निम्मे लोक कार्डाबाहेर गेलेले असतात. विम्याचा पैसा खर्चायचा तो या माणसांवर.

सत्तरी गाठलेल्यांसाठी एक सावधगिरी. आयुष्मान भारतचं वयवंदना कार्ड 2024 पासून मिळू लागलं, पण ईसीएचएसवाल्यांना दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं. वयवंदनाला वर्षाला 5 लाखांची मर्यादा आहे. गावातल्या शिबिरात सगळे फॉर्म भरताहेत म्हणून आपणही भरू नये.

अग्निवीरांचं गणित पूर्ण वेगळं. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला माजी सैनिकाचा दर्जा नाही, पेन्शन नाही, ईसीएचएसही नाही. सेवेत असतानाचं विमाकवचही सेवेबरोबर संपतं. पंचविशीच्या आतल्या निरोगी मुलाला हप्ता कमी बसतो, तेव्हा सेवानिधीचे साधारण पावणेबारा लाख हाती आले की गाडीच्या आधी पॉलिसी घ्यावी.

पुढच्या आठवड्यात कुटुंब पेन्शन.