टाउनएंडची गोल धुराडी

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये ट्राउटबेक गावी टाउनएंड हे सतराव्या शतकातलं दगडी शेतघर आहे. ब्राउन या शेतकरी घराण्याकडे ते १९४३ पर्यंत होतं. त्याची गोल धुराडी हौसेची वाटतात (कवी वर्डस्वर्थलाही अशी धुराडी फार आवडत), पण माझ्या मते तो आकार दगडाने ठरवला. इथला स्लेट ओबडधोबड चिपांत फुटतो. त्याचा काटकोन घडवणं जिकिरीचं. गोलाईत त्याच चिपा बिनबोभाट बसतात. मग भिंतींना कोपरे कसे? तिथे मोठे, निवडक धोंडे लावता येतात; छपरावरच्या अरुंद धुराड्याला ते झेपत नाहीत. हा दगड घडवणं अवघड, म्हणून खिडक्यांचे उभे दांडेही इथे ओकचे आहेत. इंग्लंडमधल्याच कॉट्सवोल्डमध्ये मऊ चुनखडी मिळते, तिथे दांडे दगडीच आणि धुराडी बहुधा चौकोनी.