नाव ‘बनाना’, भाव एकेकाळी लाखांचा : सापांच्या रंगांचा बाजार आणि त्यातला खरेपणा

सापांवर व्याख्यान म्हटलं की लोक विषारी-बिनविषारीची तयारी करून येतात. आज आपण तिकडे जाणार नाही. आज बघायचंय ते असं, की सापाला नाव देताना आणि विकताना खरं किती सांगतात आणि फुगवून किती. हा विषय लांबचा वाटेल, पण तो आपल्या अंधेरीत येऊन पोचलाय.

डिसेंबर २०२३मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पाकिटांतून ११ साप निघाले. ९ बॉल पायथॉन, २ कॉर्न स्नेक. त्याआधी ऑक्टोबर २०२२मध्ये एअर कार्गो संकुलात शोभेचे मासे म्हणून कागदावर दाखवलेल्या मालातून ६६५ परदेशी प्राणी निघाले. कासवं, सरडे, इग्वाना, अजगर. त्यातले ११७ मेलेले होते. म्हणजे मागणी आहे. आणि सापांच्या बाबतीत ती बरीचशी रंगाला आणि रंगाच्या नावाला आहे.

बॉल पायथॉन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. घाबरला की अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. मूळचा रंग तपकिरी-काळा. १९९२मध्ये अमेरिकेत पाळीव जोडीतून पहिली अल्बिनो पिल्लं जन्मली, आणि मग वेगळ्या रंगाची पिल्लं मुद्दाम तयार करायचा उद्योगच उभा राहिला. अशा प्रत्येक रंगप्रकाराला ‘मॉर्फ’ म्हणतात. पेस्टल, पायबाल्ड, स्पायडर, बनाना, अशी नावं.

आता मुद्दा बघा. नाव दोन प्रकारचं असू शकतं. एक, आत काय आहे ते सांगणारं. दुसरं, गिऱ्हाइकाला भुरळ घालणारं. ‘अल्बिनो’ आणि ‘लॅव्हेंडर अल्बिनो’ ही जोडी घ्या. ऐकणाऱ्याला वाटेल, दुसरा म्हणजे पहिल्याचीच जरा फिकट जांभळी आवृत्ती. तसं नाहीये. २०२२मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. संशोधकांनी लोकांकडून पाळीव अजगरांच्या काती मागवल्या आणि त्यातून डीएनए काढून तपासला. अल्बिनोमधला बिघाड एका जनुकात सापडला, लॅव्हेंडर अल्बिनोमधला दुसऱ्याच. म्हणून या दोघांची जोडी लावली तर पिल्लं साध्या, तपकिरी रंगाची होतात. नावावर भरवसा ठेवून पैसे घालणारा फसला.

उलटंही होतं. ‘बनाना’ आणि ‘कोरल ग्लो’ ही दोन नावं दोन वेगळ्या पैदासकारांच्या सापांना मिळाली. नंतर कळलं, की रंगप्रकार एकच. आंबा तोच, पेटीवरचं लेबल वेगळं. शिवाय पिल्लू असताना पिवळाधमक दिसणारा बनाना वयानुसार काळ्या ठिपक्यांनी भरत जातो. जाहिरातीत फोटो कोणाचा असतो? पिल्लाचा.

यापुढची गोष्ट दिसतच नाही, म्हणून जास्त जपून ऐका. बाजारात ‘हेट’ नावाचा साप विकतात. म्हणजे दिसायला साधा, पण अल्बिनोचं एक जनुक लपवून बसलेला. अल्बिनो आणि साधा यांची पिल्लं शंभर टक्के हेट असतात, तिथे शंका नाही. पण दोन हेट एकत्र आले तर चारातलं सरासरी एक पिल्लू अल्बिनो, दोन हेट, एक पूर्ण साधं. साधी दिसणारी तीन उरली, त्यातली दोन हेट, पण कोणती ते डोळ्यांना कळत नाही. मग ती तिन्ही ‘६६ टक्के हेट’ म्हणून विकतात.

६६ टक्के ऐकायला भरभक्कम वाटतं ना? अशी जोडी घेतली तर दोघंही हेट असायची शक्यता नऊपैकी चार. त्यातून होणारं प्रत्येक पिल्लू अल्बिनो असायची शक्यता नऊपैकी एक, म्हणजे ११ टक्के. मादी वयात यायला साधारण तीन वर्षं. विक्रेत्याने ६६ हा आकडा सांगितला, तो खोटा नाही. ११चा सांगितला नाही. आणि आई-बाप खरोखर हेट होते, हे तरी कशावरून? त्याच्या शब्दावरून. बराचसा व्यवहार वहीवर आणि विश्वासावर चालतो.

इथवर नुकसान माणसाचं. आता सापाचं बघू. ‘स्पायडर’ नावाच्या मॉर्फवर जाळ्यासारखी सुंदर नक्षी असते. पण त्या जनुकाबरोबरच तोल जाण्याचा दोष येतो. डोकं हलतं, साप उलटा होतो, भक्ष्यावरचा नेम चुकतो. कोणात कमी, कोणात जास्त. दोष जनुकाबरोबरच येत असल्यामुळे नक्षी ठेवून तो काढता येत नाही. विकणारा म्हणतो, ‘जरासा हलतो, बाकी मस्त.’ हा साप वीस-तीस वर्षं जगू शकतो. ‘जरासा’ या शब्दाची किंमत तो तेवढी वर्षं मोजतो.

हे सगळं परदेशी म्हणून हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे मांडूळ आहेच की! बिचारा बिनविषारी, जमिनीत राहणारा, उंदीर खाणारा साप. शेपटी आखूड आणि बोथट, डोक्यासारखी दिसते. शत्रूने डोक्याऐवजी तिथे हल्ला करावा, म्हणून ही सोय. आपण त्याला नाव दिलं ‘दुतोंड्या’. मग म्हणे सहा महिने या तोंडाने चालतो, सहा महिने त्या. मग म्हणे गुप्तधन दाखवतो. मग वजनावर भाव. दोन तोंडं खरी वाटावीत म्हणून काही गारुडी शेपटीला जखमा करून डोळे-तोंड कोरतात. एका चुकीच्या नावाने केवढी मजल मारली बघा.

यात आपल्यासारख्या वाचकांचाही वाटा आहे. ‘कोटीचं मांडूळ जप्त’ अशी बातमी येते. ही कोटीची किंमत ठरवली कोणी? पकडलेल्या माणसाने सांगितलेली, नाहीतर ऐकीव. पण छापून आली की ती पुढच्या माणसाला खरी वाटते आणि तो फावडं घेऊन माळावर जातो. बातमीच जाहिरात होते.

कायद्याचं थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२नुसार आपले देशी साप पाळता किंवा विकता येत नाहीत. मांडूळ असो, नाग असो, रंगाने पांढरा असो की काळा. बॉल पायथॉन साइट्स कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये आहे. २०२२ची कायदादुरुस्ती आणि २०२४चे नियम यांमुळे असा प्राणी जवळ असेल तर परिवेश पोर्टलवर नोंद लागते. पिल्लं झाली, साप दुसऱ्याला दिला, मेला, तरी कळवावं लागतं. ‘पेपर नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडे बहुधा पेपर नसतातच.

तेव्हा कोणी साप दाखवून नाव सांगितलं, तर तीन प्रश्न विचारा. हे नाव जनुकाचं, की जाहिरातीचं? यातलं दिसतंय किती आणि मी नुसत्या शब्दावर मानतोय किती? आणि या रंगाचा त्रास सापाला काय? उत्तर देताना समोरचा चिडला, तर तेच उत्तर समजा.

बोरिवली, मुलुंडकडे जंगलाला लागून राहणाऱ्यांना साप दिसतातच. मांडूळ दिसलं तर वजनकाटा शोधू नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. त्याला तोंड एकच आहे. दुसरं आपण लावलंय.

आता प्रश्न घेऊया.